अ, ब, क

माँटेव्हिडिओत जुलै म्हणजे हाडं शोधणारा वारा.
सायकलच्या दुकानावर आमचा स्टुडिओ:
चार जण, तीन खुर्च्या,
हातोहात फिरणारा मातेचा एकच पेला
आणि तीन वर्षं अर्धाच राहिलेला एक खेळ.

खेळातली नायिका टायपिस्ट आहे.
तिला बंदूक नाही, उडी मारता येत नाही,
मरून परत यायची सोय नाही.
रोज फायलींचा गठ्ठा येतो,
प्रत्येक नावापुढे तिने एक अक्षर मारायचं.
अ म्हणजे आपला माणूस.
ब म्हणजे बघू.
क म्हणजे उद्यापासून शाळेत पाऊल ठेवायचं नाही,
शिकवायला तर नाहीच.
मुलं पाटीवर गिरवतात, तीच ही अक्षरं.

प्रकाशकाचा फोन आला, दूरच्या एका उबदार शहरातून.
माणूस वाईट नव्हता, माझ्या खोकल्याची चौकशी केली.
म्हणाला, राजकारण तेवढं काढा.
गणवेश असू देत, छान दिसतात.
रात्रीची जीपही ठेवा,
तिचा उजेड भिंतीवर काय सुंदर सरकतो!
फक्त देश काल्पनिक करा, झेंडा जांभळा करा,
आणि हे सगळं कशासाठी चाललंय
ते नका सांगत बसू.
फोन ठेवल्यावर माझ्या ध्यानात आलं:
त्याला राज चालत होतं,
कारण नको होतं.

आम्ही झेंडा जांभळा केला.
खोटं कशाला बोलू, भाडं थकलं होतं.
देशाला कुठल्याच नकाशात नसलेलं नाव दिलं.
पण किटलीचं नाक तुटकंच ठेवलं,
आणि आरियेलने, कुणाला न विचारता,
फायलींवर पेल्याचे गोल डाग काढले,
एकेक, हाताने.

चाचणीला आलेली पोरं संवाद भराभर पुढे ढकलत.
एकाने सगळ्यांनाच क दिला,
बघू तरी काय होतं म्हणून.
काहीच झालं नाही.
महिनाअखेर पगार जमा झाला.
"बग आहे का हा?" त्याने विचारलं.
नाही, म्हटलं.
तो जॅकेट अर्धवट चढवून
बराच वेळ तसाच उभा राहिला.

मग एका शनिवारी नेलिदा मावशी आली,
पालकाची पास्कुआलिना घेऊन, अजून गरम.
मंत्रालयात दोन वर्षं टायपिंग केलेली.
आम्हाला एवढंच माहीत होतं,
कारण ती सांगायची ते असं:
याद्या केल्या गेल्या. कागद पाठवले गेले.
आयुष्यभराचा कर्मणी प्रयोग.

कंट्रोलर तिने धरला
दुसऱ्याचं तान्हं मूल धरावं तसा.
पडद्यावर नाव आलं: संगीतशिक्षक, वय एकतीस.
खाली दहा सेकंदांची पट्टी
मेणबत्तीसारखी आखडत गेली.
मावशीने बोट हलवलं नाही.
पट्टी संपली, नावापुढे ब उमटला.

"हे कोणी मारलं?"
"वेळ संपला की आपोआप पडतं, मावशी."
"आपोआप?"
तिने कंट्रोलर मांडीवर ठेवला.
"घड्याळ नव्हतं गं तिथे.
अख्खी रात्र असायची.
कोट घालून, दिवा मालवून, जिन्यापर्यंत जाऊन
परत येऊन बसता यायचं.
मी बसले परत."

आरियेलच्या हातातला पेला
त्या फेरीत पुढे सरकलाच नाही.

मावशी पुढे खेळली नाही.
सगळ्यांना एकेक तुकडा वाढला,
खरकटी सुरी पुसून पिशवीत ठेवली
आणि बस चुकेल म्हणत निघाली.

आता खेळात पट्टी नाही.
काही दाबलं नाहीत तर टायपिस्ट नुसती बसून राहते.
बाहेर ट्रॉलीबस जाते, थोड्या वेळाने दुसरी जाते,
किटली उकळून उकळून कोरडी पडते.
कोणीही सुटका करायला येत नाही,
आम्हीसुद्धा.
लोक कंटाळतील, प्रकाशकाने कळवलं.
शक्य आहे.

बदलांच्या नोंदवहीत दोन रकाने असतात.
"काय बदललं" खाली लिहिलं: घड्याळ काढलं.
दुसरा रकाना, कारण.
मोकळा सोड, आरियेल म्हणाला, ते वाचतात.
मी मावशीचं नाव लिहिलं,
आडनावासकट.
तिला आधी विचारून.